आधी दांडी, मग मडगार्ड: सेव्हन-छाप किट कारच्या पुढच्या चाकांसाठी काय निवडावं?

मागच्या जूनमध्ये गाडी धुताना माझा हात पुढच्या डाव्या मडगार्डाला लागला आणि ते दोन बोटं हललं. खाली वाकून पाहिलं, तर मडगार्डाला पेलणारी नळीची दांडी वेल्डिंगच्या कडेने पाऊण भाग तडकली होती. वरच्या जाड पावडर कोटिंगने तो तडा झाकून ठेवला होता. आदल्याच दिवशी त्या बाजूच्या सीटवर माझी मुलगी बसली होती आणि आम्ही ताशी सत्तर मैलांनी घरी आलो होतो. माझ्या गाडीला दारं नाहीत. दांडी रस्त्यात सुटली असती, तर मडगार्ड एक तर चाकाखाली गेलं असतं, नाहीतर थेट तिच्या अंगावर आलं असतं.

तेव्हापासून "पुढे फायबरचं बसवू की पत्र्याचं?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: दांडी कसली आहे आणि ती हबला, म्हणजे चाकामागच्या, चाकाबरोबर वळणाऱ्या पण गरगर न फिरणाऱ्या भागाला, कुठे धरली आहे? मडगार्ड कशाचं हा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर खाली देतोच. पण मजबुती शोधायची तर ती तिथे सगळ्यात कमी सापडते.

ज्यांना या गाड्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये सेव्हन ही हलकी, उघडी गाडी आणली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. तिच्या धर्तीवर घरच्या गॅरेजमध्ये नळ्या वेल्ड करून, जुन्या फोर्ड सिएराचे किंवा माझदा एमएक्स-५ चे भाग वापरून गाडी बांधायची परंपरा इंग्लंडमध्ये चांगली रुजली आहे. अशा स्वस्तात बांधलेल्या गाडीला इथे 'लोकॉस्ट' म्हणतात. एकट्या गाडीची तपासणी होऊन ती रस्त्यावर आणता येते, ही इथली मोठी सोय. भारतात गाडीच्या मॉडेलला मान्यता लागते. पुणेकरांना टेकडीमुळे ठाऊक असलेली एआरएआय ही ती देणाऱ्या संस्थांपैकी एक. घरी बांधलेली एकुलती एक गाडी त्या चौकटीत बसवणं सोपं नाही. म्हणून हा सगळा हिशेब इंग्लंडातला आहे.

नियम आधी बघा

इथल्या तपासणीला आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल) म्हणतात. २००९ पासून तीच चालते. मडगार्डाबद्दल तिच्या मागे असलेला हिशेब असा: चाकाच्या मध्यातून उभी रेघ मारा. तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या पट्ट्यात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली हवी. शिवाय मडगार्डाचं मागचं टोक चाकाच्या आसापासून १५० मिमीपेक्षा जास्त उंचीवर संपता कामा नये. बरेच जण ५० अंश लक्षात ठेवतात आणि दुसरी अट विसरतात. मडगार्डाची त्रिज्या ३०० मिमीच्या आसपास असेल, तर आसापासून १५० मिमीपर्यंत खाली यायला मागे साधारण ६० अंश झाकावे लागतात. तेव्हा ५० अंशांवर कापलेलं सुबक छोटं मडगार्ड विकत घेऊ नका.

दुसरी गोष्ट कडांची. अंगाला लागू शकेल अशा बाहेरच्या कडेची गोलाई किमान २.५ मिमी त्रिज्येची लागते. फायबरची किंवा पत्र्याची कापलेली कड तेवढी गोल नसते, म्हणून कडेला रबराची पट्टी बसवतात. तपासणी झाली की ती काढून टाकणारे मी पाहिले आहेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. ती पट्टी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या पायासाठी आहे.

बॉडीला धरलेलं पसरट की चाकाबरोबर वळणारं?

पसरट मडगार्ड बॉडीला बोल्ट केलेलं असतं. म्हणजे ते स्प्रिंगच्या वर असतं आणि खड्ड्याचा हादरा त्याला थेट लागत नाही. पावसात कोपर कोरडं ठेवायला याच्या तोडीचं दुसरं नाही. पण चाक वर-खाली होतं आणि वळतंही, तेव्हा त्याच्या आत भरपूर पोकळी सोडावी लागते. त्यामुळे ते मोठं होतं, वेगात वारा धरतं आणि गाडीचं रूपही बदलतं. रोज पावसापाण्यात गाडी चालवणार असाल आणि दिसण्याचा हट्ट नसेल, तर हेच घ्या. पुढचं वाचायची फारशी गरज नाही.

चाकाबरोबर वळणाऱ्या मडगार्डाचं तसं नाही. ते हबला धरलेलं असतं, म्हणून टायरपासून पंचवीस-तीस मिमीवर बसवता येतं आणि दिसतंही देखणं. पण गाडीत बसलेल्या माणसाला, इंजिनला, अगदी रेडिएटरलाही स्प्रिंगचा आधार आहे आणि या मडगार्डाला नाही. रस्त्याचा प्रत्येक खडा त्याला कळतो.

चार जिन्नस, एकच माप

तुलना करायची तर माप एक धरू. साधारण २३० मिमी रुंद, वरून सव्वाशे अंशांचं, कडा धरून ०.१८ चौरस मीटर पृष्ठभाग असलेलं मडगार्ड. वजनं मी जाडी आणि घनतेवरून काढली आहेत.

३ मिमी फायबरचं मडगार्ड ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं. बहुतेकांनी घ्यावं ते हेच. ते सहज मिळतं, रंग साच्यातच येतो आणि तुटलं तर काचतंतूंची मॅट व रेझिन लावून घरी सांधता येतं. त्याचा शत्रू आतून येतो. टायर खडे फेकतो आणि बाहेरच्या रंगाच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. आतून रबरी अंडरसीलचे (गाडीच्या तळाला लावतात त्या लेपाचे) दोन जाड हात दिले की हे पुष्कळ थांबतं. दुसरी कमजोर जागा बोल्टच्या भोकाची, तिच्याकडे नंतर येतो.

१.५ मिमी ॲल्युमिनियमचं साधारण ७०० ग्रॅम. पॉलिश केल्यावर याच्याइतकं सुंदर काही नाही, हे कबूल. पण ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. ताण लहान असला तरी पुरेशा वेळा आला की ते कधीतरी तडकतंच, आणि हबवरच्या मडगार्डाला ताणांची कमी नसते. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पोलादी बोल्ट थेट ॲल्युमिनियमला लागला की त्या जागी पांढरी भुकटी धरते आणि भोक मोठं होत जातं. उन्हाळ्यातल्या चार सहलींची गाडी असेल आणि 'इंग्लिश व्हील' या यंत्रावर पत्रा फिरवून गोलाई काढण्याची हौस असेल, तर जरूर करा. दणकट म्हणून मात्र हे निवडू नका.

१.२ मिमी पोलादी पत्र्याचं, म्हणजे बहुधा ट्रेलरचं मडगार्ड, १.७ किलोच्या आसपास जातं. "मजबूत हवं" म्हणणारा माणूस पहिल्यांदा याच्याकडे वळतो. मीही वळलो होतो. कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॉल्या बघत वाढलेल्या माणसाला जाड पत्रा म्हणजे भरवसा वाटतो. पण ट्रॉलीचं मडगार्ड ट्रॉलीच्या सांगाड्याला असतं, चाकाच्या हबला नाही. खड्ड्यात चाक दहा 'जी'ने, म्हणजे गुरुत्वाच्या दहापट जोराने, उसळलं असं धरा. फायबरचं मडगार्ड त्या क्षणी दांडीला आठ किलोच्या ओझ्यासारखं भासेल, पत्र्याचं सतरा. तेच वेल्डिंग, तोच बोल्ट, दुप्पट मार. पत्रा स्वतः तुटत नाही, तो दांडी तोडतो. शिवाय हबवर चढलेलं जास्तीचं वजन चाकाची रस्त्यावरची पकड बिघडवतं, आणि या गाडीची सगळी गंमत त्या पकडीत आहे.

ट्रेलरचंच प्लॅस्टिकचं मडगार्ड, ३ मिमी जाडीचं, अर्ध्या किलोत येतं. हाताने पिरगाळलं तरी परत सरळ होतं, खड्यांना दाद देत नाही. मजबुतीचा विचार केला तर चारांत हेच मला सगळ्यात शहाणं वाटतं. अडचण दोन ठिकाणी. रंग त्याच्यावर टिकत नाही, म्हणून काळं राहू द्यावं लागतं. आणि ते इतकं लवचीक आहे, की दांडीने त्याला दोन ठिकाणी पूर्ण रुंदीभर आधार दिला नाही, तर वेगात फडफडून टायरला घासतं.

कार्बन फायबर हलकं आणि देखणं, पण आतून खडे त्यालाही लागतात आणि दुरुस्ती महाग. शर्यतीला जाणाऱ्यांनी बघावं.

दांडी: खरी निवड इथे आहे

दांडी पट्टीची करतात किंवा नळीची. पट्टी घरी सहज वाकवता येते, म्हणून मोह होतो. पण २५ बाय ५ मिमीची पट्टी १६ मिमी व्यासाच्या, १.५ मिमी जाडीच्या नळीपेक्षा जवळपास दुप्पट जड असते, आणि तिच्या पातळ बाजूने वाकवायला गेलात तर नळीच्या सातव्या हिश्शाइतकीच ताठ. त्याच बाजूने ती दिवसभर थरथरत राहते. पट्टी नकोच.

नळीतही १६ की २०? जाडी तीच ठेवून १६ वरून २० मिमीवर गेलात तर वजन सव्वापटीहून किंचित जास्त होतं आणि ताठपणा दुप्पट. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा या गाडीत दुसरीकडे मिळत नाही. माझ्या तुटलेल्या दांड्या १६ च्या होत्या, नव्या २० च्या केल्या.

स्टेनलेस की साधं पोलाद? स्टेनलेस गंजत नाही आणि छान चमकतं. पण ते वेल्ड करायला हात चांगला लागतो आणि नवख्याच्या वेल्डिंगशेजारी ते तडकतं. मिठाचे रस्ते असूनही मी साधी पोलादी नळी घेतली. टोकं वेल्डिंगने बंद केली म्हणजे पाणी आत शिरत नाही. वर पावडर कोटिंग न करता प्रायमर आणि फिकट रंगाचा पातळ हात दिला. फिकट रंगावर तड्यातून आलेली गंजाची रेघ लगेच दिसते. विकतच्या दांड्या घ्यायच्या असतील, तर बुडाशी तिकोनी पत्र्याचा आधार आहे का ते बघा. नळी नुसती बुडाच्या सपाट पाटीवर उभी करून भोवती वेल्डिंगचं कडं केलेलं असेल, तर तडा नेमका त्या कड्यावर येतो. माझा तिथेच आला.

हबला धरायची जागा गाडीगणिक वेगळी. पुष्कळ जण ब्रेक कॅलिपरच्याच बोल्टखाली दांडीची पाटी घालतात. चालतं, पण पाटीच्या त्या भागावर रंगाचा थर अजिबात नको. रंग दबतो, बोल्टचा ताण उतरतो, आणि तो बोल्ट ब्रेकचा आहे. पाटीच्या जाडीइतका जास्त लांब, त्याच ताकदीचा बोल्ट घ्या आणि टॉर्क रेंचनेच (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा. हबवर वेगळी भोकं असतील तर तीच वापरा.

वरच्या टोकाला फायबरमध्ये आरपार भोक पाडून बारीक वायसर लावलात, तर भोकापासून चिरा निघणारच. मोठे रुंद वायसर लावा, मध्ये रबर घाला आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा) रबर दबेल इतपतच आवळा. माझ्या मते याहून चांगला उपाय म्हणजे दांडीला मडगार्डाच्या गोलाईची रुंद पट्टी जोडून ती पॉलियुरेथेन चिकटपदार्थाने आतून चिकटवणं आणि सुटलंच तर पडू नये म्हणून दोन बोल्ट ठेवणं. ताण सगळ्या पट्टीभर पसरतो. प्लॅस्टिकला मात्र चिकटपदार्थ धरत नाही, तिथे बोल्टच.

बसवताना टायरवर हीटिंगच्या पाइपांवर घालतात तो फोम ठेवा, त्यावर मडगार्ड टेकवा, टेपने बांधा आणि मग भोकांच्या खुणा करा. अंतर आपोआप सारखं येतं. स्प्रिंग काढून चाक हाताने तळापासून माथ्यापर्यंत न्या आणि प्रत्येक उंचीवर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत मारून पाहा. मागची आतली कड बॉनेटला किंवा हेडलाइटच्या दांडीला लागते ती बहुधा अशाच एका कोपऱ्यात, सपाट जमिनीवर कधीच नाही.

मग काय घ्यावं?

पहिलीच गाडी असेल तर फायबर, आतून अंडरसील आणि २० मिमीची साध्या पोलादाची दांडी. खराब रस्ते आणि बारमाही वापर असेल तर काळं प्लॅस्टिक, त्याच दांडीवर रुंद पट्टीचे दोन आधार देऊन. माझ्या गाडीवर सध्या फायबर आहे. दर पाचशे मैलांनी मी दोन्ही मडगार्डं हाताने धरून हलवतो आणि वेल्डिंगच्या कडेवर टॉर्च मारतो. बोल्टांवर पिवळ्या रंगाच्या रेघा ओढल्या आहेत. रेघ सरकलेली दिसली, तर त्या दिवशी गाडी बाहेर निघत नाही.