खिडक्या मोजायच्या राहिल्या

चार वर्षांपूर्वी कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात एका रात्री पांढऱ्या चादरीवर दिव्याचा उजेड सोडून आम्ही पतंग बघत बसलो होतो. तेव्हा तो आला. तांबूस-तपकिरी, तळहाताएवढा, आणि चारही पंखांवर काचेसारखी एकेक पारदर्शक खिडकी. रॉथ्सचाइल्डिया. आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशमाच्या पतंगाचा लांबचा भाऊबंद. मेक्सिकोत याच कुळातल्या पतंगांना ‘चार आरसे’ म्हणतात. कोशातून निघाल्यावर हा काही खात नाही, जेमतेम आठवडाभर जगतो.

ह्यूस्टनला परतलो तरी तो डोक्यातून जाईना. गेल्या हिवाळ्यात ऑनलाइन पतंगाची एक फ्रेम विकायला दिसली : ‘रॉथ्सचाइल्डिया लेबो, कोस्टा रिका, मोठी मादी, दुर्मीळ’. १४० डॉलर. फोटो अस्सल होता, फक्त मापाला शेजारी फूटपट्टी नव्हती. मीही मागितली नाही.

पार्सल उघडलं तर पंखांचा पसारा १७ सेंटिमीटर. मी खूश! मोठी मादी म्हटलंच होतं ना. भिंतीवर लावली आणि फोटो कौतुकानं भाच्याला पाठवला. तो आंबोलीला पावसाळ्यात पतंगांच्या नोंदी करतो. पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘मामा, हा अ‍ॅटलस आहे हो.’ अ‍ॅटलस म्हणजे याच कुळातला, पण आशियातला पतंग.

मग त्यानं फोनवर माझ्याकडून एकेक गोष्ट तपासून घेतली. पुढच्या पंखावर मोठ्या त्रिकोणी खिडकीशेजारी अजून एक छोटी खिडकी आहे का? होती. पंखाचं टोक सापाच्या डोक्यासारखं बाहेर आलंय का? आलं होतं. रॉथ्सचाइल्डियाचंही टोक थोडं पुढे येतं, पण इतकं ठसठशीत नाही. लेबोचा पसारा साधारण १० ते १२ सेंटिमीटर, हे तर मी स्वतः पाहिलं होतं! आणि मिशा? चांगल्या रुंद, पिसासारख्या. मादीच्या अरुंद असतात. म्हणजे माझी ‘मोठी मादी’ हा आशियातला एक लहानसर नर निघाला. अ‍ॅटलस इंडोनेशियात पाळतात आणि फ्रेमसाठी सर्रास विकतात.

लेबलावर नुसतं ‘ग्वानाकास्ते’. तारीख नाही, त्या जागेची उंची नाही, कुणी पकडला तेही नाही. कोस्टा रिकात १९९२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवान्याशिवाय असे जीव पकडता येत नाहीत, बाहेरही नेता येत नाहीत; आणि तिथला कायदा मोडून आणलेला जीव इथे अमेरिकेत विकत घेणं लेसी कायद्यानं, म्हणजे इथल्या वन्यजीव-व्यापाराच्या कायद्यानं, गुन्हा आहे. म्हणजे माल खरा निघाला असता तर मी जास्त अडकलो असतो. परवान्याची प्रत मागायचं घेताना सुचलं नाही, याचा राग विक्रेत्यापेक्षा स्वतःवरच जास्त.

विक्रेत्याला लिहिलं, तर म्हणे ‘या जातीत रंगरूप बदलतं’. भाच्यानं त्याच्या जाहिरातीतला फोटो शोधून बघितला. तो कुणा भलत्याच निरीक्षकानं काढलेला निघाला. हे कळवल्यावर निम्मे पैसे परत आले आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचं खातंच गायब.

जुनं लेबल मी काढून टाकलं. नवं पेन्सिलीनं लिहिलंय : अ‍ॅटलस, नर. ठिकाण : माहीत नाही.