ब्रिज की मिररलेस? आधी दुसऱ्या लेन्सचं बोला

गेल्या दिवाळीत मामांचा फोन आला. निवृत्तीचे पैसे हातात आले होते आणि कॅमेऱ्याची बऱ्याच वर्षांची हौस पुरी करायची होती. "दुकानदार म्हणतो ८३ एक्स झूमवाला घ्या, चंद्रावरचे खड्डे दिसतात. ताई म्हणते, बाबा, तो नको, मिररलेस घ्या. तू काय म्हणतोस?"

मी विचारलं, "मामा, तुम्ही फोटो कशाचे काढणार?"

"पक्ष्यांचे," मामा लगेच म्हणाले. मग जरा थांबून, "आणि छकुलीचे."

छकुली म्हणजे ताईची मुलगी, तेव्हा नुकती रांगायला लागलेली. या दोन उत्तरांत सगळी अडचण आली. पक्षी लांब असतो, पण बहुधा उन्हात असतो. रांगतं मूल हाताच्या अंतरावर असतं, पण घरातल्या ट्यूबलाइटखाली. एका कॅमेऱ्याने दोन्ही तितकंच चांगलं होत नाही, आणि होतं असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दुकानदाराचा ८३ एक्सवाला म्हणजे ब्रिज कॅमेरा: लेन्स अंगालाच पक्की जडलेली आणि झूम भरपूर. मिररलेसची लेन्स काढून दुसरी लावता येते. पण नुसतं ब्रिज आणि मिररलेस म्हणत राहिलो तर बोलणं हवेत राहील, म्हणून दोन ठरावीक मॉडेल समोर ठेवतो. ब्रिजमधून निकॉनचा कूलपिक्स पी९५०, २०२० सालचा. मिररलेसमधून कॅननचा ईओएस आर५०, २०२३ सालचा. याच वर्गातले दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे घेतलेत तरी हिशोब फारसा हलत नाही.

८३ एक्स म्हणजे नेमकं काय

'एक्स' हा निव्वळ भागाकार आहे. पी९५०ची लेन्स फुलफ्रेमच्या हिशोबात (म्हणजे सेन्सर, फोटो टिपणारी चिप, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा धरून) २४ ते २००० मिलिमीटर; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. २००० भागिले २४, म्हणून ८३. आर५०सोबत पेटीत येणारी १८-४५ची लेन्स त्याच हिशोबात साधारण २९ ते ७२, म्हणजे जेमतेम अडीच एक्स. त्यावरून कॅमेऱ्याचा दर्जा ठरत नाही. बघायचा तो शेवटचा आकडा. ५० मिलिमीटर म्हणजे साधारण डोळ्याला दिसतं तसं, असं धरून चला. पक्षी बघायला जाणारे लोक ८ किंवा १० पटींची दुर्बीण गळ्यात अडकवतात. ती झाली ४००-५०० मिलिमीटरच्या बरोबरीची. २००० म्हणजे ४० पटींची दुर्बीण.

मामा नाशिकचे. त्यांना नांदूर मध्यमेश्वर जवळ, निफाड तालुक्यात. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं ते हेच. तिथे पाण्याकाठच्या तारेवर खंड्या बसलाय आणि तुमच्यापासून तो २५ मीटरवर आहे, असं समजा. चोचीपासून शेपटीपर्यंत खंड्या साधारण २८ सेंटिमीटर. आर५०वर पेटीतली लेन्स पूर्ण ताणली तरी चौकटीत साडेबारा मीटर रुंदीचा देखावा मावतो, आणि त्यात खंड्या म्हणजे निळा ठिपका. ५५-२१०ची दुसरी लेन्स लावली की रुंदी २.७ मीटरवर येते. आता पक्षी चौकटीच्या दहाव्या भागाएवढा, सुमारे ६०० पिक्सेल. व्हॉट्सॲपला चालेल, भिंतीवर लावायला नाही. १००-४००ची लेन्स घेतली तर १२०० पिक्सेल. आणि पी९५० पूर्ण ताणला तर चौकटच ४५ सेंटिमीटरची. खंड्या तिचा निम्म्याहून जास्त भाग व्यापतो, २८०० पिक्सेलच्या आसपास. छातीवरचं पांढरं पीस न पीस मोजावं असं वाटतं.

हे २८०० पिक्सेल मोठ्या सेन्सरवरच्या २८०० इतके कसदार नसतात. सेन्सर लहान आणि त्या टोकाला छिद्र एफ/६.५ (एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी), त्यामुळे कडा थोड्या मऊ येतात. तरीसुद्धा भर उन्हात, २५ मीटरवर, एवढ्याशा पक्ष्यासाठी ब्रिज पुढेच राहतो.

ब्रिज कॅमेऱ्याला खेळणं म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. लांबच्या पक्ष्याकडून येणारा उजेड शेवटी लेन्सच्या तोंडातूनच आत शिरतो. पी९५०ची खरी लांबी त्या टोकाला ३५७ मिलिमीटर, तिला ६.५ने भागा, तोंड ५५ मिलिमीटरचं. कॅननची १००-४०० त्या टोकाला एफ/८, म्हणजे ५०. आणि ५५-२१०चं तोंड एफ/७.१ला अवघं ३० मिलिमीटर. मिररलेस म्हटलं की जास्त उजेड, हे लांबच्या पक्ष्याच्या बाबतीत आपोआप खरं ठरत नाही. तसं व्हायला मोठ्या तोंडाची लेन्स विकत घ्यावी लागते.

घरात शिरलो की

इथे पारडं फिरतं. पी९५०चा सेन्सर तुरीच्या दाण्याएवढा, ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. आर५०चा २२.३ बाय १४.९, एखाद्या लहानशा टपाल तिकिटासारखा. क्षेत्रफळात जवळजवळ बारा पट फरक. रात्री आठला दिवाणखान्यात मूल रांगतंय, हात हलतायत, शटर निदान १/१२५ सेकंदाचं तरी हवं. एवढ्या लहान सेन्सरवर आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवला की फोटोत दाणे येतात, कॅमेरा ते पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर पापण्याही पुसतो. गालाची त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. मोठ्या सेन्सरवर ३२०० आयएसओलाही केसांची बट वेगळी दिसते.

पण आता जे सांगतो ते दुकानात सहसा कोणी सांगत नाही. पेटीतली १८-४५ रुंद टोकाला एफ/४.५ आणि दुसऱ्या टोकाला एफ/६.३ आहे. खोलीतल्या उजेडाला हे तोंड फार अरुंद. उलट आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर बऱ्याचदा पी९५०च्या सेन्सरपेक्षा मोठा असतो, त्याची लेन्स एफ/१.८च्या आसपास उघडी असते आणि चार-सहा फोटो एकमेकांत मिसळून एक करण्याची सोय त्यात असते. म्हणजे घरातल्या घरात फोन ब्रिजला मागे टाकतो, आणि पेटीतल्या लेन्सवरच्या मिररलेसच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. पन्नास-साठ हजार खर्चून जे खिशात आधीच आहे तेच पुन्हा घ्यायचं का?

यावर उपाय आहे, आणि तो फार महागही नाही: ५० मिलिमीटर एफ/१.८. कॅननची ही लेन्स १६० ग्रॅमची, मुठीत लपेल एवढी. एफ/६.३ आणि एफ/१.८ यांच्यात बारा पट उजेडाचा फरक आहे. ती लावली की खिडकीजवळ बसलेल्या छकुलीचे डोळे लख्ख आणि मागचा कपड्यांचा ढीग विरघळून गेलेला, असा फोटो मिळतो. फोन 'पोर्ट्रेट'च्या नावाखाली तसंच काही करून देतो, पण कानाजवळच्या केसांत त्याची कात्री चुकते. हळद, बारसं, मंडपातलं रात्रीचं जेवण, देवघरातली समई, असल्या फोटोंसाठी मिररलेस आणि ही लेन्स या जोडीला ब्रिज कॅमेरा कोणताच तोड देऊ शकत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो: दुसरी लेन्स घेणार आहात का? 'पुढे बघू' हे उत्तर मी 'नाही' असं धरतो, कारण माझ्या ओळखीत 'पुढे बघू' म्हणणाऱ्यांच्या कॅमेऱ्यावर चार वर्षांनीही पेटीतलीच लेन्स असते. तसं असेल तर फोन आहेच. त्याला जे जमत नाही ते, म्हणजे अंतर, ब्रिजकडून घ्या.

उडता पक्षी

बसलेल्या पक्ष्याचा विजेता ब्रिज, पण पक्ष्याने पंख उघडले की चित्र वेगळं. आर५० सेकंदाला १२ फोटो काढतो आणि पक्षी चौकटीत कुठेही असला तरी त्याचा डोळा शोधून त्यावर टिकून राहतो. पी९५० सेकंदाला ७ काढतो, पण दहा झाले की श्वास घ्यायला थांबतो. तेवढ्यात रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा डोक्यावरून निघून जातो.

भिगवणला, कुंभारगावच्या होडीत, हा फरक मी शेजारी बसून पाहिलाय. उजनी धरणाच्या फुगवट्यावर सकाळी रोहित चरत होते. नावाडी वल्ही थांबवून म्हणाला, "आता उठतील, तयार राहा." आधी माना वर झाल्या, मग सगळे एका दिशेने चालायला लागले, मग पाण्यावरून धावायला. मित्राच्या मिररलेसमध्ये धावण्यापासून पंखांतली लाली दिसेपर्यंतचे चाळीस फोटो आले. माझ्या हातात ब्रिज होता आणि मी पूर्ण ताणलेल्या झूममध्ये त्यांना शोधत होतो, कारण त्या टोकाला होडीचा एक हेलकावा म्हणजे पक्षी चौकटीबाहेर. पुढे एक गोष्ट शिकलो, ती ब्रिज घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच शिकावी: पी९५०सारख्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी सापडतो, बटण सोडलं की पुन्हा होता तिथे जातो. याची सवय झाली की अर्धी चिडचिड संपते.

दुपारी अकरानंतर दोन्ही कॅमेरे सारखेच हतबल. पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि दीडशे-दोनशे मीटरवरचा पक्षी कितीही मोठा दिसला तरी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा येतो. याच कारणाने ३००० मिलिमीटरचा पी१००० मी सहसा सुचवत नाही. १४१५ ग्रॅम गळ्यात वागवायचे, आणि त्या वाढीव हजार मिलिमीटरचा उपयोग थंडीतल्या सकाळी दोन तास. चंद्राचं मात्र दुकानदाराने खरं सांगितलं. २००० मिलिमीटरला चंद्र चौकटीच्या उंचीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग व्यापतो. ५५-२१०च्या टोकाला आठवा भाग.

वजन, धूळ आणि बुरशी

'कॉम्पॅक्ट' या शब्दावर जाऊ नका, वजनकाटा बघा. आर५० बॅटरी आणि कार्डासकट ३७५ ग्रॅम, पेटीतली लेन्स १३०, ५५-२१० आणखी २७०: एकूण ७७५. ५५-२१०च्या जागी १००-४०० घेतली, ६३५ ग्रॅमची, तर बेरीज ११४०. पी९५० सगळं धरून १००५. म्हणजे पक्ष्यांच्या मागे लागलात की मिररलेसची पिशवीच जड होते. पण रोज ऑफिसच्या बॅगेत टाकून न्यायचा असेल तर पेटीतल्या लेन्ससह मिररलेस अर्ध्या किलोत बसतो, आणि ब्रिज कधीच बसत नाही.

ताडोबाच्या जिप्सीत लाल धूळ असते. तिथे लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती घालणं; वाघ कधी दहा मीटरवर तर कधी दीडशेवर, आणि ब्रिजला दोन्हीला एकच लेन्स पुरते. मात्र सकाळच्या सफारीचा पहिला तास, जेव्हा वाघ दिसण्याची आशा जास्त आणि उजेड कमी असतो, तो ब्रिजला अवघड जातो.

आणि आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. रत्नागिरीच्या घरी मी माझा पहिला ब्रिज कॅमेरा कातडी पेटीत घालून जून ते सप्टेंबर कपाटात ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. मिररलेसमध्ये बुरशी लागली तर ती एक लेन्स जाते. ब्रिजमध्ये लेन्स म्हणजेच कॅमेरा. आतली काचा-काचांची रास उघडणं सोपं नाही आणि खर्च परवडत नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांनी ब्रिज घेतला तर सोबत घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल त्याच दिवशी घ्यावं. चामड्याच्या पेटीत तर ठेवूच नये.

मधली वाटही आहे: एक इंच सेन्सरचे ब्रिज. सोनीचा आरएक्स१० मार्क ४, २०१७चा, २४ ते ६००, छिद्र एफ/२.४ ते ४, सेन्सर पी९५०च्या चौपट. चांगल्या अवस्थेतला जुना मिळाला तर मी बिनदिक्कत घ्या म्हणेन. नवा मात्र मामांच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता.

मामांना मी सगळं असंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "मी लेन्सा बदलत बसेन असं वाटतं का तुला?" मी म्हटलं, "नाही वाटत, मामा." मग त्यांनी ब्रिज घेतला. ताईने पुढच्या महिन्यात मिररलेस घेतला, ५० एफ/१.८सकट, आणि छकुलीचे फोटो तीच काढते.

दुकानात जाल तेव्हा दिवेलागणीला जा आणि आपलं मेमरी कार्ड सोबत न्या. ब्रिज हातात घेऊन रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं बारीक अक्षर पूर्ण झूमला टिपा, तेही टेकू न घेता. मिररलेस घेऊन काउंटरमागच्या माणसाचा चेहरा टिपा, एकदा पेटीतल्या लेन्सने आणि एकदा ५० एफ/१.८ मागून घेऊन. तिथल्या पडद्यावर काही ठरवू नका. कार्ड घरी आणा, फोटो संगणकावर मोठे करा आणि शेजारी तुमच्या फोनने काढलेला तोच फोटो उघडून ठेवा.