रेकॉर्ड नंबर ३ बेंच व्हाइस: साफ करून नऊ महिने वापरल्यावर

हा व्हाइस, म्हणजे बाकाला बसवून काम घट्ट पकडणारा शिकंजा, हातात आला तेव्हा उघडत नव्हता. जबडे दोन बोटांच्या अंतरावर अडकलेले, हँडल धनुष्यासारखं वाकलेलं आणि अंगावर रंगाचे निदान तीन थर. आता त्याला बाकावर बसवून नऊ महिने झाले आणि आठवड्यातले चार-पाच दिवस तो कामात असतो. कानस मारणं, पट्ट्या कापणं, बोल्टचे आटे साफ करणं, बुश (छिद्रात बसणारी छोटी नळी) दाबून बसवणं, सगळं यावरच चालतं. बसवल्या बसवल्या लिहायला घेतलं असतं तर निम्मा मजकूर रंगावर गेला असता. आज सांगण्यासारखं आहे ते जबडे एकमेकांना कसे भिडतात त्याबद्दल.

आधी ओळख. वरचा थर खरवडल्यावर बिडात ओतलेली अक्षरं दिसली: रेकॉर्ड, नंबर ३, मेड इन इंग्लंड. हे नाव शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचं. १९७२ मध्ये ती रिजवे या दुसऱ्या कंपनीत मिसळली आणि पुढे रेकॉर्ड रिजवे हे जोडनाव दिसू लागलं. नंबर म्हणजे इंच नव्हेत, इथे बरेच जण फसतात. १ नंबरचा जबडा ३ इंची, पुढे ५ नंबरपर्यंत दर नंबरला अर्धा इंच वाढतो, म्हणून ३ नंबरचा जबडा ४ इंची. घरच्या कामाला हे माप मला पुरेसं वाटलं, आणि आजही वाटतं.

अमेरिकन व्हाइस ओळखण्याची मजा वेगळी आहे. एका मित्राचा विल्टन कंपनीचा व्हाइस याच काळात खोलून दिला. बंदुकीच्या गोळीसारखी पाठ असलेला हा व्हाइस शिकागोत १९४१ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचा. सरकता भाग बाहेर काढून उलटा केला, ग्रीस पुसलं आणि खालच्या बाजूला ठोकलेली तारीख सापडली. जुन्या विल्टनवर ती बनवल्याची तारीख नसते, गॅरंटी संपण्याची असते. गॅरंटी ५ वर्षांची, तेव्हा ५ वर्षं मागे गेलं की खरं वय कळतं. पुसट, पण डोळ्यांनी वाचता येणारी ती तारीख पहिल्यांदा दिसली तेव्हा मला फार आनंद झाला होता. इतर अमेरिकन व्हाइसवर तारीख नसली तरी बऱ्याचदा पेटंटचा नंबर असतो. तिथलं १० लाखावं पेटंट १९११ मध्ये दिलं गेलं आणि २० लाखावं १९३५ मध्ये. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी व्हाइस कोणत्या काळाच्या आधीचा असू शकत नाही ते उभ्या उभ्या सांगता येतं.

माझा रेकॉर्ड खोलायला सोपा वाटला, पण निघाला चार दिवसांनी. स्पिंडलच्या (हँडलने फिरणाऱ्या लांब स्क्रूच्या) तोंडाशी आणि मागून तो ज्यात फिरतो त्या नटमध्ये गंज सोडवणारं तेल रोज सोडलं, मधून मधून लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले. हँडलला पाइप लावून जोर करण्याचा मोह होतो, तो मी आवरला. आधीच्या कुणी तरी नेमकं तेच केल्यामुळे हँडल वाकलं होतं. आणि खरं तर हँडलने वाकावं हेच बरं, कारण ते नाही वाकलं तर पुढची पाळी स्पिंडलची किंवा बिडाची.

गंजासाठी इलेक्ट्रोलिसिस केलं, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज सुटा केला. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर चार लिटरला चमचाभर वॉशिंग सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. व्हाइसचा भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाच्या पट्ट्या धन टोकाला. इथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून टब उघड्यावर ठेवला आणि जोडण्या हलवायच्या आधी चार्जर बंद केला. स्प्रिंग मात्र टबात घातली नाही. कडक केलेलं पोलाद हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतं, म्हणून ती हाताने तारेच्या ब्रशने घासली. बाकीचे भाग दुसऱ्या दिवशी काळ्या मऊ थरासकट बाहेर आले, ब्रश फिरवताच करडं बीड दिसू लागलं. ते पुसून लगेच तेल लावलं नाही तर काही मिनिटांत पुन्हा तांबूस पडतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडी सँडिंग टाळली.

सगळ्यात जास्त वेळ जबड्याच्या पट्ट्यांच्या चार स्क्रूंनी खाल्ला. तीन निघाले, चौथ्याचं डोकं तुटलं आणि तो मध्यावर पंच मारून ड्रिलने काढावा लागला. नवे स्क्रू शोधताना एक गोष्ट शिकलो ती इथे नोंदवतो. जुन्या ब्रिटिश व्हाइसचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, ५५ अंशांच्या कोनाचे. ५/१६ इंची व्हिटवर्थला इंचात १८ आटे असतात आणि त्याच मापाच्या अमेरिकन जाड आट्यालाही १८च, पण त्याचा कोन ६० अंशांचा. म्हणजे अमेरिकन स्क्रू आत जातो आणि बसला असं वाटतं, पण आट्यांच्या बाजू नीट टेकत नाहीत. मी आधी तसाच स्क्रू घातला होता. महिन्याभरात पट्टी खुळखुळू लागली तेव्हा कारण कळलं. योग्य स्क्रू घातल्यापासून ती हललेली नाही. ८ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू निदान दोन फेऱ्यांत अडकून चूक दाखवून तरी देतो.

आता मूळ मुद्दा. व्हाइस आवळला की सरकत्या जबड्याचं वरचं टोक किंचित मागे झुकतं, कारण स्पिंडलचा जोर खाली असतो आणि काम वर धरलेलं असतं. स्लाइड, म्हणजे हा जबडा ज्यावर आतबाहेर सरकतो तो भाग, झिजलेली असेल तर हे झुकणं वाढतं आणि काम फक्त खालच्या कडेवर धरलं जातं. तपासणी साधी आहे. कागदाची एक पट्टी जबड्यात वर, एक खाली ठेवायची, नेहमीइतकं आवळायचं आणि दोन्ही ओढून पाहायच्या. माझ्याकडे वरची पट्टी सहज निघून यायची. कानस मारताना पातळ पत्रा थरथरत होता तो त्यामुळेच, आणि मी उगाच कानशीला दोष देत होतो. सरकत्या जबड्याच्या पट्टीमागे, वरच्या निम्म्या भागात, ०.१ मिलिमीटरची पितळी शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घातली. आता मोकळे असताना जबडे आधी वरच्या कडेला भिडतात आणि आवळल्यावर पूर्ण उंचीभर बसतात. नऊ महिन्यांत केलेल्या सगळ्या कामांत या एका शिमने जितका फरक पडला तितका कशानेच नाही.

रंगाला मी तीन दिवस दिले होते. प्रायमर, दोन हात एनॅमल, अक्षरं वेगळ्या रंगात. तिसऱ्या महिन्यात जबड्यांच्या वरच्या कडांवरचे टवके उडाले, पाठीवरचा रंग ठोकाठोकीत गेला. अक्षरं अजून छान दिसतात. पुन्हा करायची वेळ आली तर रंग एकच हात देईन आणि उरलेला वेळ स्लाइड साफ करण्यात घालवीन. स्लाइडवर किंवा नट बसतो त्या खाचेत रंग लागला असेल तर तो आधी काढा, माझी पहिल्या आठवड्यातली जड चाल तेवढ्यामुळेच होती.

वंगणाचंही मत बदललं. सुरुवातीला स्पिंडल ग्रीसने माखला, आणि कानशीचा कीस त्यात बसून घासपेस्ट तयार झाली. आता ग्रीस फक्त आतल्या नटला आणि स्पिंडलच्या कॉलरला, बाकी स्लाइडवर पातळ तेल, तेही पुसून. महिन्यातून एकदा स्लाइड पूर्ण बाहेर काढतो. हँडलचा रिकामा फेरा आला तेव्हा पाव होता, आजही पावच आहे.

याच काळात आणखी एक जुना व्हाइस घेतला, दिसायला चकचकीत. घरी आणून छोट्या हातोडीने टिचकी मारली तर आवाज बद्द आला. चांगलं बीड घंटीसारखं वाजतं. ताजा रंग काढल्यावर स्थिर जबड्याच्या बुडाशी आडवी भेग निघाली, पुटीने भरलेली. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात, म्हणून ते वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतं. डक्टाइल आयर्न, म्हणजे न तुटता थोडं वाकू शकणारं बीड, १९४८ मध्ये जाहीर झालं, त्याआधीच्या व्हाइसमध्ये साधं बीड, मॅलिएबल बीड किंवा ओतीव पोलाद यांपैकीच काही असणार. विकणाऱ्याने भेगेबद्दल शब्द काढला नव्हता, याचं वाईट वाटतं. तेव्हापासून मी गंजलेला व्हाइस बेधडक घेतो आणि ताजा रंगवलेला आधी वाजवून बघतो.

रोजच्या वापरात दोन सवयी लागल्या. जबड्याच्या एकाच टोकाला काम धरायचं असेल तर दुसऱ्या टोकाला तितक्याच जाडीचा तुकडा ठेवतो, नाही तर स्लाइड तिरकी ओढली जाते. आणि जड ठोका स्थिर जबड्याच्या दिशेनेच देतो. व्हाइस बसवताना स्थिर जबड्याचं तोंड बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवलं होतं, त्यामुळे लांब सळई सरळ खाली जमिनीपर्यंत उभी धरता येते. हे आधीच सुचलं ते बरं झालं.

कामावर ओरखडे पडू नयेत म्हणून जबड्यांवर घातलेल्या तांब्याच्या पत्र्याच्या मऊ टोप्या पाचव्या महिन्यात फाटल्या. सध्या जाड ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीच्या वापरतोय, डाव्या टोपीवर करवतीचे दोन खोल काप पडलेत. तिचा पुढचा जोड कापून ठेवला आहे.