ऑफिसचा फोन इंटरनेटवर टाकून आठ महिने झाले

भोसरीत आमचं स्पेअर पार्टचं ऑफिस, माणसं चौदा. आधी तांब्याच्या तीन लाइनी हंटिंगवर (एक लाइन बिझी असली की कॉल दुसरीवर जातो) आणि भिंतीवर जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातल्या फोनना लाइनी वाटून देणारा डबा, पाऊस लागला की केबलमधे पाणी जायचं, फोनमधे नुसती खरखर आणि लाइनमन उगवणार चार दिवसांनी. कंटाळून आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे फोन घेतले. नंबर मात्र तोच हवा होता, बिलबुकावर, टेम्पोवर सगळीकडे तोच छापलाय, आणि मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट होत नाही, म्हणून त्याच कंपनीचं फायबर घेतलं.

पहिले तीन आठवडे विचारू नका. गिऱ्हाइकाचा आवाज आम्हाला येतोय, आमचा त्याला जात नाही, आणि तेही दर कॉलला नाही. आमचे स्टोअरवाले काका आधीच मोठ्याने बोलतात, ते रिसीव्हर तोंडाला चिकटवून "हॅलो, हॅलो" ओरडायचे, शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून जायचा. सेटअप करणारा पोरगा दोनदा आला, फोन बदलून गेला. शेवटी मीच शोधत बसलो तर राऊटरमधे एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग असतं, मदतीसाठी ठेवलेलं, पण कॉलच्या पॅकेटमधले पत्ते ते स्वतःच बदलतं आणि आवाज भलतीकडेच जातो. बंद केलं, दोन मिनिटांत विषय संपला.

स्पीडची काळजी उगाच केली होती. जी.711 (आवाज डिजिटल करायची नेहमीची पद्धत) वर एका कॉलला जाताना 90 आणि येताना 90 असे साधारण केबीपीएस लागतात, आठ जण एकदम बोलले तरी कुठल्याही एका बाजूला एक एमबीपीएस भरत नाही. पण दुपारी अकाउंट्सचा बॅकअप वर चढायला लागला की आवाज तुटायचा, मग राऊटरमधे क्यूओएस, म्हणजे कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारं सेटिंग लावून आवाजाला आधी वाट दिली. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना 2021 पासून आधी शून्य लागतो, तोही डायल प्लॅनमधेच (नंबर कसा लावायचा त्याच्या नियमांत) टाकून घेतला, नाहीतर काका रोज विसरणार.

खरा फटका लाइटचा. जुन्या फोनला करंट एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीतून यायचा, लाइट जाऊन ईपीएबीएक्स झोपलं तरी गेटजवळचा एक फोन थेट लाइनवर वाजायचा, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. इकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, दुरुस्तीला लाइट घालवतात, आमचं ऑफिस चालू, आणि पहिल्याच गुरुवारी सगळे फोन मुके. यूपीएस घेतला तर त्यावर राऊटर आणि फायबरचा डबा लावला, पीओई स्विच राहिला, आणि फोनना नेटच्या वायरीतून करंट तोच देतो! पुढचा गुरुवारही गेला.

आता बाहेर असलो तरी मोबाइलच्या ॲपवर एक्स्टेंशन वाजतं, मिस्ड कॉल कोणाचा ते दिसतं, बिलही कमी येतं. परत करायची वेळ आली तर करीन, पण यूपीएस आधी. आणि नेट गेलं तर कॉल मोबाइलवर वळवायचं सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्या, आमचं दिवाळीच्या तोंडावर झालं, तोवर दोन ऑर्डरी शेजारच्या गाळ्यात गेल्या होत्या.