सर्टिफिकेशनची परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर जाऊन?

आयटीतल्या एखाद्या प्रमाणपत्राचा अभ्यास होत आलाय, सराव परीक्षांत गुण बरे पडतायत, व्हाउचरची, म्हणजे आधीच घेतलेल्या परीक्षेच्या कूपनची, मुदत संपायच्या आत तारीख घ्यायची आहे. बुकिंग करताना एक प्रश्न येतो: परीक्षा घरून देणार की केंद्रावर? बहुतेक जण इथे दहा सेकंदही थांबत नाहीत. मीही थांबलो नव्हतो. घरूनच, त्यात विचार काय करायचा!

आतापर्यंत मी सहा परीक्षा दिल्या, तीन घरून आणि तीन केंद्रावर. पाच सुटल्या, एक गेली. जी गेली ती घरून दिलेली होती. सहा परीक्षांवरून कुणी नियम काढू नये, आणि त्या वेळी अभ्यासही थोडा कच्चा असेल. तरी त्यानंतर मी घरून परीक्षा दिलेली नाही. का, ते सांगतो.

काही परीक्षांत ही निवडच नसते. कुबरनेटीस या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या प्रणालीची सीकेए ऑनलाइन द्यायची, सायबरसुरक्षेच्या सीआयएसएसपीला केंद्रावरच जायचं. रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्सच्या परीक्षेला दोन्ही वाटा आहेत, पण घरून द्यायची तर त्यांची प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन मशीन तिच्यावरून सुरू करावं लागतं. ती तयारी हा स्वतंत्र उद्योग आहे. सिस्को, एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा), मायक्रोसॉफ्ट, कॉम्पटिया यांच्या नेहमीच्या परीक्षा दोन्हीकडे देता येतात, म्हणून पुढचं सगळं त्यांना धरून.

घरून देण्याचं सुख खरं आहे. रात्री अकराची वेळ मिळते. प्रवास नाही, सवयीची खुर्ची आहे, आपल्याच कीबोर्डावर बोटं आपोआप पडतात. ज्यांना सकाळी डोकं चालत नाही त्यांच्यासाठी तर हे वरदान. अर्धा तास आधी लॉगिन करायचं, ओळखपत्राचे आणि खोलीच्या चारही बाजूंचे फोटो पाठवायचे, टेबल मोकळं करून दाखवायचं. दुसरा मॉनिटर असेल तर काढून ठेवायचा, मोबाइल हाताला लागणार नाही इतका लांब. यातलं काहीच अवघड नाही. फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर देऊ नका. त्यावरचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आणि व्हीपीएन यांचं परीक्षेच्या ब्राउझरशी जमत नाही, आणि ते बंद करायचे अधिकार आपल्याकडे नसतात. माझा पहिला अर्धा तास यातच गेला होता. शेवटी घरचा जुना लॅपटॉप काढला, त्याची बॅटरी मेलेली, म्हणून चार्जरची वायर ताणून बसलो.

हे सगळं एकदाचं असतं. दुसऱ्या वेळी माणूस शहाणा होतो. मला नडली ती गोष्ट शहाणं होऊनही सुटली नाही.

माझी खोड अशी की इंग्रजी वाचताना माझे ओठ हलतात. आवाज नाही, नुसते ओठ. क्लाउडच्या परीक्षेतले प्रश्न कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे: एका कंपनीचं ॲप्लिकेशन आहे, दिवसा डेटाबेसवर ताण येतो, बहुतेक मागण्या वाचनाच्या आहेत, ॲप्लिकेशनमध्ये कमीत कमी बदल करून उपाय सुचवा. पाच-सहा ओळी. त्या मी वाचतो आणि मनात मराठीत वळवून घेतो. ‘म्हणजे वाचणारे जास्त, लिहिणारे कमी. मग रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचनासाठी डेटाबेसची प्रत. थांब, बदल कमीत कमी म्हणतायत. कॅश, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारा साठा, लावायची तर कोड बदलावा लागेल, ती गेली.’ विचार करण्याची माझी हीच रीत आहे आणि ती ओठांतून वाहते. शाळेपासूनची सवय.

जी परीक्षा गेली तिच्या चौदाव्या प्रश्नाला कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडली. प्रॉक्टरचा, म्हणजे कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाचा, निरोप: प्रश्न मोठ्याने वाचू नका. मी लिहिलं, आवाज काढत नाहीये. उत्तर आलं, ओठ हलताना दिसतायत, कृपया हलवू नका. भाषा अगदी सभ्य होती. मी ओठ मिटून घेतले. दोन प्रश्नांनंतर विचारात हनुवटीखालचा हात नकळत तोंडावर गेला. पुन्हा खिडकी: तोंड झाकू नका, चेहरा पूर्ण दिसू द्या.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पुटपुटणारा माणूस प्रश्न कुणाला सांगतोय की स्वतःशी बोलतोय, हे कॅमेऱ्यापलीकडच्या माणसाला कसं कळावं? त्याच्या जागी मीही टोकलं असतं. पण त्यापुढचा तासभर माझं अर्धं लक्ष प्रश्नावर आणि अर्धं ओठांवर. सुचत नसलं की ओठ हलायचे, हलले की मी दचकून घट्ट मिटायचो, आणि वाक्याचा धागा सुटायचा. एका प्रश्नात ‘सर्वांत कमी खर्चाचा’ हे शब्द मी दोनदा वाचूनही माझ्या डोक्यात शिरले नाहीत आणि मी सर्वांत वेगवान पर्याय निवडला. हे परीक्षा संपल्यावर हात धुताना लक्षात आलं. परीक्षा थोडक्यात गेली.

एक मित्र म्हणतो, हे तुझं मानसिक आहे, मला कधी कुणी टोकलं नाही. टोकणार कसे, तो बुद्धासारखा बसतो. तुम्हीही तसे असाल तर हा मुद्दा सरळ सोडून द्या, तुमच्यासाठी पारडं वेगळीकडे झुकेल. पण खात्री नसेल तर एक करून बघा. लॅपटॉपचा कॅमेरा चालू करून स्वतःचं रेकॉर्डिंग लावा आणि पंधरा-वीस सराव प्रश्न सोडवा. मग बघा. मला वाटायचं माझे ओठ जरासे हलत असतील. रेकॉर्डिंगमध्ये मी भांडत असल्यासारखा दिसत होतो.

केंद्रावरही कॅमेरा असतो आणि काचेपलीकडे माणूसही असतो. पण मी एका खोलीत त्याच्या डोळ्यांसमोर बसलेला असतो, माझ्याजवळ कुणी नाही हे त्याला दिसतं. आवाज काढून शेजाऱ्याला त्रास दिला नाही तर ओठांशी तिथे कुणाला देणंघेणं नसतं. निदान मी बसलो त्या तिन्ही वेळा नव्हतं.

दुसरा मुद्दा कागदाचा, आणि नेटवर्किंगवाल्यांनी इथे थांबावं. घरून परीक्षेत कागद-पेन चालत नाही, स्क्रीनवर एक व्हाइटबोर्ड मिळतो. केंद्रावर पुसता येणारा प्लास्टिकचा तक्ता आणि मार्कर मिळतो. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांचे छोटे गट पाडण्याची आकडेमोड, ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना फरक पडत नसेल, मला पडतो. घड्याळ सुरू झालं की मी तक्त्यावर आधी दोन ओळी लिहून टाकतो. वर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ आणि खाली १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. मग १९२.१६८.१०.७७/२७ असा पत्ता आला की २७ म्हणजे २४ च्या पुढचं तिसरं घर: खाली २२४, वर ३२, म्हणजे ३२-३२च्या उड्या. ७७ हा ६४ च्या घरात, ब्रॉडकास्ट, म्हणजे त्या गटाचा शेवटचा पत्ता, ९५. दहा सेकंद लागतात आणि शंका राहत नाही. हेच मी एकदा माउसने स्क्रीनवर करायला गेलो. आठचा आकडा काढता काढता तो सहा दिसायला लागला. शेवटी बोर्डावर टाइप केलं, पण मग प्रश्न आणि बोर्ड यांच्यात खिडक्यांची ओढाताण सुरू झाली. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या १२० मिनिटांत एकदा पुढे गेलं की मागचा प्रश्न परत उघडत नाही, त्यामुळे ‘नंतर बघू’ हा रस्ताही बंद. ज्या परीक्षेत आकडेमोड नाही तिथे ही तक्रार गैरलागू आहे. क्लाउडच्या परीक्षेत मी तक्त्यावर फार तर दोन चौकोन आणि एक बाण काढला असेल.

केंद्राची बाजू घेतोय म्हणून तिथे सगळं गोड आहे असं नाही. एका केंद्रावरचा मॉनिटर इतका जुना होता की नेटवर्कची आकृती बघायला स्क्रोल करावं लागत होतं. एसी थेट मानेवर. शेजारचा बहुधा कुठलीशी निबंधाची परीक्षा देत होता, तासभर पाऊस पडावा तसा टायपिंगचा आवाज. कान झाकायला काही मिळेल का हे आत जाताना विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी देतात. मार्कर दोन मागा. पहिला सुकलेला निघतो, का ते देव जाणे. सामान लॉकरमध्ये, खिसे उलटे करून दाखवायचे, मनगटावरचं घड्याळही काढायचं. मध्ये बाहेर जायचं तर हात वर करून जाता येतं, वेळ बहुतेक परीक्षांत आपलाच जातो. पण घरून देताना कित्येक परीक्षांत खुर्ची सोडली की परीक्षाच संपते. घरी खोलीचं दार कुणी उघडलं तरी तीच भीती. घरात लहान मूल असेल तर कडीच्या भरवशावर राहू नका, बाहेर कुणीतरी मोठं माणूस राखण ठेवा.

केंद्राचा खरा तोटा वेळेचा. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, संध्याकाळच्या सगळीकडे नसतात, रजा काढावी लागते. घर आणि केंद्र यांत अर्धा दिवस प्रवास असेल तर माझं सगळं वरचं म्हणणं थोडं हलकं होतं. थकून बसण्यापेक्षा ओठ सांभाळून बसलेलं कदाचित बरं.

तयारी मात्र ठिकाण ठरवूनच करावी असं माझं मत आहे, आणि ठिकाण शेवटच्या आठवड्यात ठरवू नये. घरून देणार असाल तर शेवटचे पंधरा दिवस सराव परीक्षाही तशाच द्या: टेबल रिकामं, कागद नाही, पाणी आधीच पिऊन घेतलेलं, एका बैठकीत सगळे प्रश्न, चेहरा कॅमेऱ्यात. केंद्रावर देणार असाल तर एका लॅमिनेट केलेल्या कागदावर मार्करने लिहायची सवय करा आणि सरावाची वेळ केंद्रावरच्या वेळेशी जुळवून घ्या. मी सकाळी नऊची जागा घेतली की दोन आठवडे नऊलाच सरावाला बसतो. माझा अंदाज असा की ओळखीचे झालेले प्रश्न सोडून नव्या प्रश्नसंचात ८० टक्क्यांच्या पुढे सलग तीनदा गेलो की तारीख घ्यायला हरकत नाही. डंप्सच्या, म्हणजे खऱ्या परीक्षेतून चोरलेल्या प्रश्नांच्या, वाटेला जाऊ नका. पकडले गेलात तर मिळालेलं प्रमाणपत्रही रद्द होतं, आणि न पकडलं गेलं तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडायला होतं.

एक सवलत दोन्हीकडे लागू आहे आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. मातृभाषा इंग्रजी नसेल तर एडब्ल्यूएस परीक्षेला ३० मिनिटं जादा देतं. त्यांच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट या परीक्षेला ६५ प्रश्न आणि १३० मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं, त्यात हा अर्धा तास मोठा आहे. मात्र तो बुकिंग करण्याआधी मागावा लागतो. आधी जागा घेतली आणि मग मागितला तर त्या बुकिंगला लागत नाही. एकदा मंजूर झाला की पुढच्या परीक्षांनाही राहतो. जो मनात मराठीत वळवून घेतो त्याने तर हा सोडूच नये.

आणि समजा घरून दिलेली गेलीच, तर लगेच तशीच पुन्हा देण्याची घाई करू नका. मायक्रोसॉफ्टला पहिल्या अपयशानंतर २४ तास, सीसीएनएला ५ दिवस, एडब्ल्यूएसला १४ दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात केंद्रावरची जागा बहुधा मिळते. माझी गेलेली परीक्षा मी अशीच काढली: तोच अभ्यास, वर थोडी उजळणी, केंद्रावर जाऊन. प्रश्न वेगळे होते, त्यामुळे फरक जागेचा की उजळणीचा हे छातीठोक सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी तीन तास मनसोक्त पुटपुटलो.

आता त्याच प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत संपत आलीय, पुन्हा परीक्षा द्यायची आहे. घरून आज रात्रीचीसुद्धा वेळ दाखवत होते. केंद्र दीड तासावर, जागा पुढच्या मंगळवारी सकाळी नऊची. रजेचा अर्ज टाकलाय.