मणक्याच्या ऑपरेशनआधी आणखी तपासण्या: कुणी कराव्यात, कुणी थेट ऑपरेशनला जावं

एमआरआयची फिल्म हातात आहे आणि एका सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. दुसऱ्यांचं म्हणणं, 'आधी ईएमजी (नसा-स्नायूंची विजेवरची तपासणी) करा, मणक्यातून निघणाऱ्या नसेजवळ इंजेक्शन देऊन बघू.' पुण्यात मणक्याचे डॉक्टर भरपूर आहेत, त्यामुळे दुसरं मत सहज मिळतं आणि गोंधळही तितक्याच सहज वाढतो. अशा वेळी कोणत्याही तपासणीला एक कसोटी लावावी: उत्तर 'हो' आलं तर काय करणार आणि 'नाही' आलं तर काय? दोन्ही वेळा तेच ऑपरेशन, त्याच जागी होणार असेल तर ती तपासणी फक्त खर्च आणि उशीर आहे. उत्तरानं ऑपरेशनची जागा, प्रकार किंवा गरजच बदलणार असेल, तर तिच्यावाचून टेबलावर जाऊ नये.

ज्यांनी थांबू नये

लघवी तुंबली आहे किंवा झाल्याचं कळत नाही, बैठकीची जागा आणि जांघांचा आतला भाग बधिर झालाय, दोन्ही पायांतली ताकद जातेय, अशा रुग्णाचा एमआरआय त्याच दिवशी व्हावा आणि नसांवर दाब सापडला तर ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत. ईएमजी किंवा इंजेक्शनसाठी यांना ताटकळत ठेवणं चूक. पाऊल दिवसागणिक जास्त लुळं पडत असेल तर त्यांनाही हेच लागू.

फक्त एमआरआयवर ऑपरेशन कधी पुरेसं

दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून एका पायात चमक जाते, तेव्हा तीन गोष्टी जुळायला हव्यात: दुखण्याची वाट, तपासणीत सापडलेला दोष आणि फिल्ममधली दबलेली नस. एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी सहसा एल५ नस दाबते. मग दुखणं नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागाकडे जातं, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो आणि टाचांवर चालता येत नाही. एल५-एस१ ची, म्हणजे कंबरेचा पाचवा मणका आणि त्याखालचं तिकोनी हाड (त्रिकास्थी) यांमधली, गादी एस१ नस दाबते. तेव्हा दुखणं पोटरीतून करंगळीकडे उतरतं, चवड्यावर उभं राहता येत नाही आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर येणारा झटका मंदावतो. हे तिन्ही जुळत असेल तर आमच्या मते पुढच्या तपासण्यांची गरज नसते. प्रश्न उरतो तो ऑपरेशन आत्ता की थोडं थांबून, एवढाच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत ६ ते १२ आठवडे सायटिका (पायात उतरणारी अशी चमक) असलेले २८३ रुग्ण होते. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात ऑपरेशन करावं लागलं, हेही लक्षात ठेवावं.

तीनपैकी एक गोष्ट जुळत नसेल तर मात्र एमआरआयवर विसंबू नये. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास २०१५ मध्ये एकत्र पाहिले गेले. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत होती. गादीचा फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. 'मल्टीलेव्हल डिस्क बल्ज' (अनेक गाद्यांना फुगवटा) हे शब्द रिपोर्टमध्ये आले म्हणून ऑपरेशन ठरत नाही. फिल्म सहा महिन्यांहून जुनी असेल किंवा दुखण्याची जागा बदलली असेल तर ऑपरेशनआधी नवी काढावी, कारण सरकलेली गादी कित्येकदा आपोआप आक्रसते. त्याच जागी आधी ऑपरेशन झालं असेल तर गॅडोलिनियम हा रंग शिरेतून देऊन एमआरआय मागावा. व्रणाची ऊती रंग पटकन घेते, नव्यानं सरकलेली गादी घेत नाही. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासलेलं असावं.

आणखी एक बारकावा सहसा सुटतो. काहींचा शेवटचा कंबरेचा मणका त्रिकास्थीला चिकटलेला असतो, तर काहींच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा असतो. अशा वेळी क्रमांक एकाने चुकतो आणि चुकीच्या मजल्यावर, म्हणजे चुकीच्या मणक्याशी, ऑपरेशन होऊ शकतं. एमआरआय करतानाच 'होल स्पाइन स्क्रीनिंग' मागितलं तर मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून मोजत खाली येता येतं.

झोपून एमआरआय, उभं राहून एक्सरे

एमआरआय झोपून होतो. मणका उभं राहिल्यावर सरकत असेल तर झोपल्यावर तो जागेवर बसतो आणि रिपोर्टमध्ये सरकल्याची नोंदच येत नाही. म्हणून पुढे वाकून आणि मागे वाकून असे उभ्याचे दोन एक्सरे हवेतच. दोन्हींमध्ये मणका ३-४ मिलिमीटरहून जास्त सरकत असेल किंवा कोन १० अंशांहून जास्त बदलत असेल तर तो डळमळीत मानतात. नसा जातात ती मणक्यातली नळी मोकळी करणं पुरेल की स्क्रू-रॉड टाकून मणके जोडावे लागतील, हा मोठा निर्णय बऱ्याचदा या एक्सरेवर ठरतो, आणि हा एक्सरे एमआरआयपेक्षा खूप स्वस्त आहे. एक्सरेच्या वेळी दुखण्याच्या भीतीनं रुग्ण नीट वाकलाच नाही तर खरी हालचाल दिसत नाही. तंत्रज्ञाला सांगून सोसेल तितकं पूर्ण वाकावं.

सीटी सर्वांना लागत नाही. मणक्याच्या मागच्या कमानीचा तडा, आधी टाकलेले स्क्रू किंवा एमआरआय न चालणारा पेसमेकर असेल तरच तो विचारावा.

ईएमजी-एनसीव्ही की नसेचं इंजेक्शन

ईएमजी (तिच्यासोबत नसेचा वेग मोजणारी एनसीव्ही) आणि इंजेक्शन, दोन्ही 'नस तपासतात' असं सांगितलं जातं, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. ईएमजीचा प्रश्न: नसेला इजा झाली आहे का, आणि ती मणक्यात आहे की पायात? इंजेक्शनचा प्रश्न: दुखणं याच नसेतून येतंय का?

मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्यात आणि एमआरआयमध्ये नळीही अरुंद आहे, किंवा पाऊल लुळं पडलंय पण ते गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दबल्याने की एल५ मुळे हे कळत नाही, अशा वेळी ईएमजी-एनसीव्ही करावी. नसेचं मूळ मणक्यात दबलं असेल तर पायातल्या संवेदनेच्या नसांचे आकडे सहसा नॉर्मल येतात. मधुमेहात ते घसरतात. ताकद गेल्यापासून तीन आठवडे उलटण्याआधी ही तपासणी केली तर पायाच्या स्नायूंतले बदल उमटलेले नसतात आणि खोटा दिलासा मिळतो. पाय गार असले तरी नसेचा वेग कमी दिसतो. त्या दिवशी तेल-क्रीम लावू नये. आणि फक्त दुखत असेल, ताकद शाबूत असेल, तर ईएमजी नॉर्मल आली म्हणून नस दबलेली नाही असं होत नाही. दुखणं वाहणारे बारीक तंतू ती मोजतच नाही.

फिल्ममध्ये दोन मजले खराब आहेत आणि नेमका कोणता दुखतोय हे ठरत नाही, तेव्हा आम्ही इंजेक्शनच्या बाजूने आहोत. सी-आर्म या एक्सरे यंत्राखाली पालथं झोपवून सुई नसेजवळ नेतात, थोडा रंग सोडून जागा पक्की करतात आणि मग जेमतेम अर्धा ते एक मिली लिग्नोकेन हे भुलीचं औषध देतात. औषध जास्त दिलं तर ते शेजारच्या नसेलाही बधिर करतं आणि उत्तराला अर्थ राहत नाही. त्या सकाळी वेदनाशामक गोळी टाळावी, झोपेचं इंजेक्शन नको म्हणून सांगावं. आधी ज्या हालचालीनं दुखतं ती करून ० ते १० मध्ये आकडा लिहावा. मग १५ मिनिटं, अर्धा तास, एक तास आणि त्यापुढे सहा तास दर तासाला तीच हालचाल करून पुन्हा लिहावा. पहिल्या एक ते तीन तासांतला आराम हेच निदान. आठवड्याने लागलेला आराम सोबत दिलेल्या स्टेरॉइडचा असतो, त्यावरून नस ओळखता येत नाही. औषध बरोबर नसेवर पडूनही दुखणं हललं नाही, तर त्या नसेसाठी ऑपरेशन करण्याआधी सर्जनना पुन्हा विचार करायला सांगावं. होकारापेक्षा हा नकार आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

पाय काही तास बधिर राहू शकतो, तेव्हा परतताना गाडी चालवायला दुसरं कुणी बरोबर हवं. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. ती गोळी मनाने बंद करू नये. स्टेरॉइडने साखर काही दिवस वाढते. आणि स्टेरॉइड घेतल्यापासून महिन्याच्या आत ऑपरेशन झालं तर जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो असं दिसून आलंय. ऑपरेशनची तारीख जवळ असेल तर फक्त भुलीचं औषध द्यायला सांगावं.

दुखणं फक्त कंबरेत, आणि सल्ला फ्यूजनचा (मणके जोडण्याचा)

इथे घाई सर्वांत महागात पडते. डिस्कोग्राफीत गादीत रंग दाबून भरतात आणि नेहमीचंच दुखणं उठतं का ते पाहतात. खोटे होकार बरेच येतात. शिवाय २००९ साली आलेल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, टोचलेल्या गाद्यांची झीज न टोचलेल्यांपेक्षा जास्त झालेली आढळली. नुसत्या कंबरदुखीसाठी डिस्कोग्राफी करून लगेच फ्यूजन, हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

त्याऐवजी मणक्यामागच्या छोट्या सांध्यांची तपासणी करता येते. प्रत्येक सांध्याला दोन नसा असतात (एल४-एल५ ला एल३ आणि एल४ च्या), म्हणून दोन सुया, प्रत्येकी अर्धा मिली किंवा कमी भुलीचं औषध. हे दोन वेगळ्या दिवशी करून दोन्ही वेळा सुमारे ८० टक्के आराम पडला तरच होकार धरावा. एकाच दिवसाचा होकार फसवतो. होकार आला तरी पुढचा उपाय रेडिओफ्रिक्वेन्सीने (सुईच्या टोकाशी उष्णता देऊन) त्या नसा बधिर करण्याचा असतो, स्क्रूचा नसतो.

मणका सोडून जे पाहायचं

पर्वतीच्या पायऱ्या चढताना माणूस पुढे वाकतो, त्यामुळे मणक्याची नळी अरुंद असणाऱ्याला चढणं जमतं आणि उतरताना पाय भरून येतात. चढतानाच पोटरी आवळत असेल आणि नुसतं उभं राहिल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत थांबत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या पाहाव्यात: घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर आधी तिथला इलाज. जांघेत दुखत असेल आणि मांडी घालून बसता येत नसेल तर खुब्याचा एक्सरे काढावा.

तळपाय जळत असतील, चालताना तोल जात असेल तर ब-१२ तपासावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी आढळलं होतं, तेव्हा शाकाहारी घरात ही शंका आधी घ्यावी. रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि गरजेनुसार सुईने नमुना काढून सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूंची तपासणी) करावं. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मिळ नाही आणि बहुतेकांचा तो गोळ्यांनी बरा होतो.

स्क्रू टाकायचे असतील तर पाळी गेलेल्या स्त्रियांनी आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांनी डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) करावी. तिच्यातला घनतेचा आकडा, टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर स्क्रू सैल होण्याची भीती असते. उतारवयात कंबरेचा आकडा हाडांच्या वाढीमुळे खोटा चांगला दिसतो, म्हणून खुब्याचा आकडा पाहावा.

खर्च आणि विमा

ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात या तपासण्या खासगीपेक्षा स्वस्त पडतात, पण एमआरआयच्या तारखेसाठी थांबावं लागू शकतं. आरोग्यविम्यात केवळ तपासणीसाठी भरती झाल्यास दावा सहसा नाकारला जातो. पण ऑपरेशनसाठी भरती होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या, त्याच आजाराच्या तपासण्यांचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळतात. म्हणून इंजेक्शन किंवा डेक्सा ऑपरेशनच्या तारखेपासून मागे मोजून त्या मुदतीत बसवावी आणि प्रत्येक तपासणीची तारीख घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि रिपोर्ट जपून ठेवावा. पॉलिसी नवी असेल तर मणक्याच्या आजारांसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा आहे का, हे तारीख ठरवण्याआधी विचारून घ्यावं.