रस्त्याच्या अलीकडचा दर आणि पलीकडचा दर

घरासाठी नवं ब्रॉडबँड कनेक्शन घेणार असाल तर आधी हे वाचा. मला जो दर सांगून कनेक्शन विकलं, तो आमच्या इमारतीला कधीच लागू नव्हता. विकणाऱ्याला हे फॉर्म भरतानाच माहीत होतं, आणि त्याचा कागद माझ्याकडे आहे.

नव्या घरात राहायला आल्यावर कंपनीचा विक्री प्रतिनिधी आला. त्याने स्वतःच्या फोनवर कंपनीचं पान उघडलं, आमचा पिनकोड टाकला आणि प्लॅन दाखवला. 200 एमबीपीएस स्पीड, डेटाला मर्यादा नाही, दरही परवडणारा. ‘हाच दर, वर्षभर,’ असं तो दोनदा म्हणाला. टॅबवर फॉर्म त्यानेच भरला, पहिल्या महिन्याचे पैसे आणि राउटरचं डिपॉझिट घेतलं आणि पत्त्याच्या पडताळणीसाठी म्हणून ओटीपी मागितला. तो ओटीपी पडताळणीचा नव्हताच. करारातल्या सगळ्या अटी मान्य असल्याची ती माझी सही ठरली, आणि त्या अटींत बारा महिन्यांचं लॉक-इन होतं, म्हणजे त्याआधी सोडलं तर दंड.

पुढचं बिल जवळजवळ दीडपट आलं. त्यात पहिल्या महिन्याचा ‘फरक’ही लावला होता. स्पीड 50 एमबीपीएसच्या वर जात नव्हता. कस्टमर केअरने सांगितलं, ‘तुमचा पत्ता वेगळ्या दरक्षेत्रात येतो, तिथे हाच रेट आहे.’ दरक्षेत्र नावाची काही गोष्ट असते हे तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या नावाने भरलेल्या फॉर्मची प्रत मागितली. बराच पाठपुरावा केल्यावर ती ईमेलवर आली, आणि त्यात वरच्या दराचं क्षेत्र आधीच निवडलेलं होतं. म्हणजे मला एक दर दाखवला आणि फॉर्मवर दुसराच टाकला. याला गैरसमज म्हणता येणार नाही.

रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या एका ओळखीच्या बाईंकडे याच कंपनीचं, याच नावाच्या प्लॅनचं कनेक्शन आहे. पिनकोडही तोच. त्यांचं बिल माझ्या बिलाच्या दोनतृतीयांश, आणि स्पीड पूर्ण 200. त्यांच्या इमारतीत आणखी एका कंपनीची फायबर पोचली आहे, आमच्या इमारतीत नाही. तेव्हा दिसलेला फरक एवढाच. पान पिनकोडवरून उघडतं तेव्हा त्या पिनकोडमधला सगळ्यात स्वस्त दर समोर येतो. प्रत्यक्ष बिल मात्र घराच्या पत्त्यावरून ठरतं.

भागानुसार दर वेगळे असण्याला मी फसवणूक म्हणत नाही. त्यामागे खरी कारणं असतात. रस्ते खोदून केबल टाकण्याचा खर्च मोठा असतो. दाट वस्तीत तो शेकडो घरांत वाटला जातो, विरळ वस्तीत मोजक्या घरांवर पडतो. जुनी तांब्याची तार असेल तर कंपनीच्या रस्त्यावरच्या जोडणी-पेटीपासून (कॅबिनेट) घर जितकं लांब, तितका स्पीड घटतो. फायबरमध्ये अंतराची ही अडचण जवळपास नसते, पण तिथेही एक लाइन सहसा 32 किंवा 64 घरांत विभागलेली असते, आणि सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून डाउनलोडसाठी सुमारे अडीच जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस असतात. संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन आले की ओढाताण होते. आमच्या इमारतीत शेवटचा टप्पा तांब्याचा निघाला. त्या तारेवर 200 मिळणं शक्यच नव्हतं. मग 200चा प्लॅन विकला कसा? प्लॅनच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘पर्यंत’ लिहून.

खर्चाने दरातला सगळा फरक मात्र स्पष्ट होत नाही. जिथे दुसरी कंपनी आहे तिथे दर उतरतो, जिथे ग्राहकाला जायला जागा नाही तिथे चढतो. अमेरिकेत ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने 2022 मध्ये 38 शहरांतल्या 8 लाखांहून अधिक ऑफर तपासल्या. चार मोठ्या कंपन्या एकाच दरात काही वस्त्यांना 200 एमबीपीएस किंवा त्याहून जास्त आणि काही वस्त्यांना 25हून कमी स्पीड देत असल्याचं त्यात आढळलं. बहुतेक शहरांत वाईट सौदा कमी उत्पन्नाच्या वस्त्यांच्या वाट्याला आला होता. हे वाचून मला संताप आला. ज्यांना एकेक पैसा मोजून खर्च करावा लागतो, त्यांनीच त्याच पैशात आठपट हळू इंटरनेट का घ्यावं?

काही ठिकाणी नियम सुधारले आहेत. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाने 2024 पासून प्रत्येक प्लॅनसोबत ठरावीक नमुन्याचं लेबल दाखवणं सक्तीचं केलं. महिन्याचा दर, सुरुवातीची सवलत संपल्यावरचा दर, सामान्यतः मिळणारा स्पीड, डेटाची मर्यादा, वरचे चार्ज, सगळं एकाच चौकटीत. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या तिथल्या नियामकाने 17 जानेवारी 2025 पासून नव्या करारांत महागाईदराला बांधलेली दरवाढ बंद केली. करार चालू असताना दर वाढणार असेल तर नेमका किती, हे आधीच रकमेत सांगावं लागतं. असे नियम सगळीकडे हवेत. तोवर विचारपूस आपल्यालाच करावी लागते.

म्हणून पिनकोडवर दिसलेला दर धरू नका. घर नंबर आणि इमारतीच्या नावासकट पूर्ण पत्ता टाकून दर काढायला सांगा, आणि तो कंपनीच्या ईमेलवरून लेखी घ्या. प्रतिनिधीच्या खासगी नंबरवरून आलेला मेसेज माझ्या तक्रारीत कंपनीने मोजलाच नाही. त्या लेखी दरात कर, राउटरचं भाडं आणि इन्स्टॉलेशन धरलं आहे का, सवलत किती महिन्यांची, मध्येच सोडलं तर किती भरायचं, हे असलंच पाहिजे. इमारतीपर्यंत आणि पुढे घरापर्यंत फायबर आहे की शेवटी तांब्याची तार, हेही विचारा. ‘फायबर प्लॅन’ या नावावरून ते कळत नाही. ओटीपी सांगण्याआधी तो मेसेज शेवटपर्यंत वाचा. आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींत बिल किती येतं ते विचारून या. माझ्या प्रकरणात सगळ्यात मोठा उलगडा त्यातूनच झाला.

स्पीडची तक्रार केली की पहिलं उत्तर ‘तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे’ असंच मिळतं. त्याला जागा ठेवू नका. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, सकाळी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी चाचणी घ्या, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे 100 एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसतं. तेवढं दिसत असेल तर लाइन ठीक आहे.

मी फॉर्मची प्रत, स्क्रीनशॉट आणि दोन्ही इमारतींची बिलं जोडून कंपनीच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. फोनवरच्या बोलण्याला तोवर काही किंमत नव्हती. तक्रार क्रमांक मिळाला तशी भाषा बदलली. मुदतीआधी सोडण्याचा दंड माफ झाला, राउटरचं डिपॉझिट परत आलं. दरातला फरक मात्र द्यायला त्यांनी नकार दिला. कारण दिलं ओटीपीने दिलेल्या संमतीचं. ती तक्रार मी नियामकाकडे नेली आहे आणि ती सोडणार नाही.

असाच व्यवहार तुमच्याकडे चालू असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरचं तुमच्या भागाचं दरपत्रक आजच साठवून ठेवा. मी तक्रार केल्यानंतर काही काळातच ते पान बदललं, आणि जुना दर दाखवणारा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त आधी घेतलेला स्क्रीनशॉट उरला.